डीएनए संगणन

डीएनए संगणन ही डीऑक्सिरायबोन्यूक्लिक आम्लाच्या (डीएनए) रेणूंमध्ये माहिती साठवून, त्या रेणूंच्या परस्परांशी होणाऱ्या रासायनिक क्रियांद्वारे गणिती प्रश्न सोडवण्याची पद्धती होय. या पद्धतीचे पहिले प्रायोगिक उदाहरण अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लिओनार्ड ॲडलमन यांनी १९९४ मध्ये सादर केले. नेहमीच्या संगणकात विद्युत्प्रवाहाच्या दोन स्थितींनी ० आणि १ हे अंक दर्शवले जातात. डीएनए संगणनात हे कार्य रेणूमधील रासायनिक अक्षरांचा क्रम करतो. परीक्षानळीतील थेंबभर द्रावणात अब्जावधी रेणू एकाच वेळी क्रिया करीत असल्याने असंख्य पर्यायांची तपासणी एकदम होऊ शकते, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य आहे. मात्र पर्यायांची संख्या वाढते तसे लागणाऱ्या डीएनएचे वस्तुमानही वाढते. त्यामुळे वेळेची बचत होते, परंतु तिची किंमत पदार्थाच्या रूपाने मोजावी लागते. या मर्यादेमुळे या शाखेचे उद्दिष्ट पुढील काळात बदलत गेले.

रेणूची रचना आणि माहितीची मांडणी

डीएनएचा धागा चार घटकांच्या साखळीने बनतो. या घटकांतील ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन ही संयुगे अनुक्रमे ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी दर्शवतात. या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत : ए ची जोडी टी शी आणि जी ची जोडी सी शी जुळते. त्यामुळे ए-टी-जी-जी-सी असा क्रम असलेल्या धाग्यासमोर टी-ए-सी-सी-जी असा क्रम असलेला धागा आला, तर ते दोन्ही एकमेकांना चिकटून दुहेरी धागा तयार होतो. अशा धाग्यांना परस्परपूरक धागे म्हणतात. जुळणाऱ्या दोन धाग्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. तापवल्यास दुहेरी धागा उकलतो आणि थंड केल्यास पूरक धागे पुन्हा एकत्र येतात. द्रावणातील असंख्य धाग्यांमधून आपला पूरक धागा शोधून काढण्याचा हा गुणधर्म डीएनए संगणनाचा पाया आहे.

चार अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर दोन द्विमान अंकांएवढी माहिती धारण करू शकते. ॲडलमन यांच्या हिशेबानुसार, कोरड्या अवस्थेत सुमारे एक घन सेंटिमीटर जागा व्यापणाऱ्या एक ग्रॅम डीएनएमध्ये सुमारे एक लाख कोटी सीडींएवढी माहिती मावू शकते.

डीएनए संगणनासाठी आवश्यक असलेली साधने जीवशास्त्राने आधीच विकसित केली होती. हवा तो अक्षरक्रम असलेला धागा रासायनिक पद्धतीने तयार करणे, दोन तुकडे विकराच्या साहाय्याने सांधणे, विशिष्ट ठिकाणी धागा कापणे, लांबीनुसार धागे वेगळे करणे आणि निवडक धाग्याच्या असंख्य प्रती काढणे या त्या क्रिया होत. डीएनएचे तुकडे रासायनिक पद्धतीने तयार करण्याच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये भारतात जन्मलेले नोबेल पारितोषिक विजेते हरगोविंद खुराना यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रती काढण्याच्या तंत्रास पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया (पीसीआर) म्हणतात. त्यासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पर्यायांच्या संख्येचा प्रश्न

डीएनए संगणनासाठी प्रथम निवडलेला प्रश्न ‘हॅमिल्टन मार्ग’ या नावाने ओळखला जातो. काही गावे आणि त्यांना जोडणारे एकेरी मार्ग दिले असता, ठरलेल्या गावापासून निघून प्रत्येक गावी एकदाच जाऊन ठरलेल्या शेवटच्या गावी पोहोचता येईल काय, असा हा प्रश्न आहे.

खानदेशातील सात गावांच्या काल्पनिक उदाहरणाने तो स्पष्ट करता येईल. प्रवास जळगाव येथे सुरू व्हावा, धुळे येथे संपावा आणि मध्ये पाचोरा, चाळीसगाव, पारोळा, एरंडोल व अमळनेर ही पाचही गावे प्रत्येकी एकदाच लागावीत, अशी अट आहे. थेट गाड्या केवळ पुढील अकरा मार्गांवर धावतात असे मानू : जळगावहून पाचोरा व एरंडोल, पाचोऱ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून पारोळा व धुळे, पारोळ्याहून एरंडोल, अमळनेर व धुळे, एरंडोलहून पारोळा व अमळनेर, आणि अमळनेरहून धुळे. थोडा विचार केल्यास उत्तर एकच असल्याचे दिसते : जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, पारोळा, एरंडोल, अमळनेर, धुळे. पाचोऱ्याला केवळ जळगावहून गाडी येते. म्हणून पहिला टप्पा पाचोरा हाच असला पाहिजे, आणि तेथून पुढील क्रम आपोआप ठरत जातो.

सात गावांसाठी हे सोपे आहे, कारण मधल्या पाच गावांचे क्रम १ × २ × ३ × ४ × ५ म्हणजे १२० एवढेच होतात. अशा प्रकारच्या मोजणीचा नियम खानदेशाशी संबंध असलेल्या एका प्राचीन ग्रंथात आढळतो. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ.स. १११४) ‘लीलावती’ या ग्रंथातील अंकपाश या प्रकरणात वेगवेगळ्या वस्तूंच्या मांडणीची संख्या काढण्यासाठी एक, दोन, तीन अशा क्रमागत संख्यांचा गुणाकार करण्याची रीत दिली आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती प्रकार होतील, हे त्यांनी दिलेले एक उदाहरण असून त्याचे उत्तर ३६,२८,८०० असे आहे. विष्णूच्या चार हातांसाठी हीच संख्या केवळ २४ येते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला होता. त्याविषयीचा शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या विज्जलविड या गावाच्या स्थाननिश्चितीविषयी मात्र अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत.

वरील प्रवासात मधली गावे पाचांऐवजी दहा केल्यास संभाव्य क्रमांची संख्या शंकराच्या आयुधांच्या उदाहरणाएवढीच, म्हणजे ३६,२८,८०० होते. मधली गावे वीस केल्यास ती सुमारे २४ परार्ध होते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. लीलावतीत दिलेल्या स्थाननामांपैकी ही शेवटची संज्ञा आहे. गावे केवळ दुप्पट झाली तरी पर्याय लक्षावधी पटींनी वाढतात. हॅमिल्टन मार्गाच्या प्रश्नाचे उत्तर सर्व प्रसंगी झटपट देणारी कोणतीही रीत अद्याप सापडलेली नाही. शाळेचे वेळापत्रक लावणे, मालवाहतुकीचे मार्ग ठरवणे यांसारखे अनेक व्यावहारिक प्रश्न याच प्रकारचे असल्यामुळे त्याला सैद्धांतिक महत्त्वाबरोबरच व्यावहारिक महत्त्वही आहे.

ॲडलमन यांचा प्रयोग

लिओनार्ड ॲडलमन हे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. रॉन रिव्हेस्ट आणि आदी शामीर यांच्यासह १९७७ मध्ये शोधलेल्या आरएसए या गूढलेखन पद्धतीमुळे ते तत्पूर्वीच प्रसिद्ध झाले होते. त्या कार्यासाठी तिघांना २००२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जेम्स वॉटसन यांच्या रेणवीय जीवशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाचे वाचन करीत असताना त्यांचे लक्ष डीएनए पॉलिमरेज या विकराकडे गेले. हा विकर धाग्यावरून पुढे सरकत एकेक अक्षर वाचतो आणि समोर पूरक अक्षर जोडतो. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कल्पिलेले गणनयंत्रही फितीवरून सरकत एकेक चिन्ह वाचते व लिहिते. या साम्यातून ॲडलमन यांना प्रयोगाची कल्पना सुचली. त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या ११ नोव्हेंबर १९९४ च्या अंकात प्रसिद्ध झाला.

त्यांनी निवडलेल्या नकाशात सात स्थाने आणि चौदा एकेरी मार्ग होते. प्रयोगाची रीत वर दिलेल्या खानदेशातील उदाहरणाच्या आधारे पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली पायरी नामकरणाची. प्रत्येक गावाला वीस अक्षरी डीएनए धाग्याचे ‘नाव’ दिले जाते. प्रत्येक मार्गासाठीही एक धागा तयार केला जातो. या धाग्यात निघण्याच्या गावाच्या नावाचा उत्तरार्ध आणि पोहोचण्याच्या गावाच्या नावाचा पूर्वार्ध जोडलेला असतो. पारोळा ते एरंडोल या मार्गाच्या धाग्यात पारोळ्याची शेवटची दहा आणि एरंडोलची पहिली दहा अक्षरे येतात. प्रवासाचे पहिले व शेवटचे गाव यांची नावे मात्र पूर्ण घेतली जातात.

दुसरी पायरी सांधण्याची. मार्गांचे धागे आणि गावांच्या नावांचे पूरक धागे एका नळीत एकत्र केले जातात. एरंडोलच्या नावाचा पूरक धागा पारोळा–एरंडोल आणि एरंडोल–अमळनेर या दोन मार्गांच्या टोकांना एकाच वेळी चिकटतो व त्यांना शेजारी आणून बसवतो. सुताराने दोन फळ्यांच्या सांध्यावर पट्टी ठोकावी, तसे हे कार्य असते. त्यानंतर लायगेज हा विकर सांधा पक्का करतो. काही क्षणांतच नळीत सर्व प्रकारचे प्रवास दर्शवणारे लांब धागे तयार होतात. ॲडलमन यांच्या अंदाजानुसार या पायरीत सुमारे शंभर लाख कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्ये एवढे सांधे जुळले होते.

तिसरी पायरी टोके तपासण्याची. पीसीआर तंत्राने केवळ जळगावने सुरू होणाऱ्या आणि धुळ्याने संपणाऱ्या धाग्यांच्या प्रती वाढवल्या जातात. इतर धागे त्यांच्या तुलनेत नगण्य ठरतात.

चौथी पायरी लांबीची. सात गावांच्या प्रवासाच्या धाग्यात सात गुणिले वीस म्हणजे १४० अक्षरे असली पाहिजेत. जेलमधून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने धागे सरकवले असता आखूड धागे पुढे जातात आणि लांब धागे मागे राहतात. त्यामुळे १४० अक्षरांचा पट्टा वेगळा काढता येतो. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे हा प्रवास मार्गांच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु त्याचा धागा ८० अक्षरांचा असल्याने तो येथे बाद होतो.

पाचवी पायरी गावांच्या हजेरीची. लांबी बरोबर असूनही उत्तर चुकीचे असू शकते. जळगाव, एरंडोल, पारोळा, एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे या प्रवासाचा धागाही १४० अक्षरांचाच असतो. मात्र त्यात दोन गावे दोनदा येतात आणि पाचोरा व चाळीसगाव राहून जातात. असे धागे वगळण्यासाठी दुहेरी धागे उकलून एकेरी केले जातात आणि सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर पाचोऱ्याच्या नावाचे पूरक धागे बसवले जातात. ज्या धाग्यांत पाचोरा आहे, ते मण्यांना चिकटतात. उरलेले धुऊन टाकले जातात. चिकटलेले धागे सोडवून हीच क्रिया चाळीसगाव, पारोळा आणि उर्वरित गावांसाठी एकामागून एक केली जाते. सर्व गावांची हजेरी झाल्यावर नळीत धागा शिल्लक राहिला, तर अटी पूर्ण करणारा मार्ग अस्तित्वात आहे असे सिद्ध होते. त्या धाग्यातील गावांचा क्रम वाचून मार्गही कळतो.

ॲडलमन यांना या सर्व क्रियांसाठी प्रयोगशाळेत सात दिवस लागले. तोच प्रश्न कागद-पेन्सिलने काही मिनिटांत सुटू शकतो. प्रयोगाचे महत्त्व वेगात नव्हते. माहितीवर ठरलेल्या नियमांनी क्रिया करून उत्तर देणारे यंत्र रेणूंचेही असू शकते, हे त्याने प्रथमच प्रत्यक्ष दाखवून दिले. उत्तराचा शोध सांधण्याच्या पायरीत क्षणार्धात झाला होता. सात दिवस खर्च झाले ते चुकीची उत्तरे वगळण्यात. ऊर्जेच्या दृष्टीनेही ही क्रिया अतिशय काटकसरीची होती. एका जूल ऊर्जेत दोनावर एकोणीस शून्ये एवढे सांधे जुळू शकतात, तर त्या काळचे महासंगणक तेवढ्या ऊर्जेत सुमारे शंभर कोटी क्रिया करीत, असा हिशेब ॲडलमन यांनी मांडला.

वस्तुमानाची मर्यादा

या प्रयोगानंतर अत्यंत अवघड प्रश्न परीक्षानळीत सुटतील, अशी अपेक्षा निर्माण झाली. रिचर्ड लिप्टन यांनी १९९५ मध्ये अनेक अटी एकाच वेळी पूर्ण करणाऱ्या होय-नाही उत्तरांचा संच शोधण्याचा प्रश्न डीएनएच्या साहाय्याने कसा सोडवता येईल, याची रीत मांडली. त्याच वर्षी प्रिन्स्टन येथे डीएनए संगणनावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

मात्र १९९५ मध्येच ज्युरिस हार्टमानिस यांनी एक महत्त्वाचा आक्षेप नोंदवला. ॲडलमन यांच्या रीतीत प्रत्येक संभाव्य प्रवासासाठी निदान एक धागा नळीत असावा लागतो. त्यामुळे पर्यायांची संख्या ज्या गतीने वाढते, त्याच गतीने डीएनएचे वस्तुमान वाढते. हार्टमानिस यांच्या हिशेबानुसार दोनशे गावांचा प्रश्न या रीतीने सोडवण्यासाठी लागणाऱ्या डीएनएचे वजन पृथ्वीच्या वजनापेक्षा अधिक भरेल. नेहमीच्या संगणकात पर्याय एकामागून एक तपासल्याने वेळ अपुरा पडतो. डीएनए संगणनात ते एकाच वेळी तपासल्याने पदार्थ अपुरा पडतो. क्रमगुणाकाराने होणारी वाढ दोन्ही पद्धतींना सारखीच अडवते.

या मर्यादेच्या आतील उल्लेखनीय प्रयोग २००२ मध्ये झाला. रविंदरजित ब्राइच, ॲडलमन आणि सहकाऱ्यांनी वीस चलांचा, म्हणजे १०,४८,५७६ शक्यतांचा प्रश्न डीएनएच्या साहाय्याने सोडवून त्यातील एकमेव बरोबर उत्तर शोधून काढले. सर्व शक्यता तपासून उत्तर शोधण्याच्या पद्धतीने हाताने सहज न सुटणारा प्रश्न डीएनएने सोडवल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

बेरीज आणि वर्गमूळ

पर्याय शोधण्याखेरीज नेहमीची अंकगणिती कृत्येही डीएनएकडून करून घेता येतात. फ्रँक ग्वार्निएरी, माकिको फ्लिस आणि कार्टर बँक्रॉफ्ट यांनी १९९६ मध्ये डीएनएच्या साहाय्याने द्विमान संख्यांची बेरीज करण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत संख्यांचे अंक धाग्यांच्या रूपात असतात आणि पॉलिमरेज विकर धागा वाढवत जातो, तसा हातचा पुढील स्थानावर नेला जातो. या रीतीत उत्तराच्या धाग्याची मांडणी मूळ संख्यांच्या मांडणीहून वेगळी होती. त्यामुळे आलेली बेरीज पुढील बेरजेत थेट वापरता येत नसे.

ही अडचण दूर करण्यासाठी धागा-विस्थापन हे तंत्र उपयुक्त ठरले. दुहेरी धाग्यातील एका बाजूचे टोक काही अक्षरांइतके उघडे ठेवले जाते. द्रावणात आलेला नवा पूरक धागा प्रथम या उघड्या टोकाला चिकटतो आणि मग एकेक अक्षर जुळवत आधीच्या धाग्याला हटवत जातो. शेवटी आधीचा धागा सुटून मोकळा होतो व पुढील ठिकाणी जाऊन तेच कार्य करतो. अशा रीतीने एका क्रियेचे उत्तर पुढील क्रियेची सुरुवात बनते. बर्नार्ड यर्क, अँड्र्यू टर्बरफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या तत्त्वावर उघडमीट करणारा डीएनएचा चिमटा बनवला. गेऑर्ग सीलिग, एरिक विन्फ्री आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच तत्त्वावर, विकरांची मदत न घेता, ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ ही तर्कद्वारे तयार केली.

लुलू चियान आणि एरिक विन्फ्री यांनी कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत केलेला २०११ चा प्रयोग या दिशेतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यांनी १३० डीएनए धाग्यांपासून चार द्विमान अंकांच्या संख्येचे वर्गमूळ काढणारे मंडल तयार केले. हे मंडल ० ते १५ यांपैकी दिलेल्या संख्येच्या वर्गमूळाचा पूर्णांक भाग सांगते. उदाहरणार्थ, १००१ (दशमान पद्धतीत ९) ही संख्या दिल्यास ११ (दशमान पद्धतीत ३) असे उत्तर मिळते. ११११ (दशमान पद्धतीत १५) ही संख्या दिल्यासही अपूर्णांक भाग सोडून ३ हेच उत्तर येते. प्रत्येक अंकासाठी दोन वेगवेगळे धागे वापरले जातात, एक ० साठी आणि दुसरा १ साठी. त्यामुळे धाग्याचा अभाव म्हणजे शून्य असा गैरसमज होत नाही. उत्तर चकाकणाऱ्या रंगद्रव्यांच्या प्रकाशावरून वाचले जाते आणि त्यासाठी काही तास लागतात.

अन्य दिशा

डीएनए संगणनाची एक शाखा आकारांच्या जुळणीतून गणना करते. नेड सीमन यांनी १९८२ मध्ये डीएनएचे फाटे असलेले सांधे जोडून जाळी बांधता येईल, अशी कल्पना मांडली होती. तिच्या आधारे विन्फ्री यांनी विशिष्ट कडा जुळल्यावरच शेजारी बसणाऱ्या डीएनए फरशांची पद्धती विकसित केली. फरशीवर फरशी बसत जाते, तसतसे गणन पुढे सरकते. डेमियन वूड्स, डेव्हिड डॉटी, विन्फ्री आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३५५ प्रकारच्या फरशांच्या संचातून निवड करून सहा द्विमान अंकांवर चालणाऱ्या २१ वेगवेगळ्या रीती प्रत्यक्षात आणल्या. दिलेल्या संख्येला तीनने निःशेष भाग जातो काय, हे तपासणारी रीत त्यांपैकी एक आहे.

दुसरी शाखा औषधोपचाराशी संबंधित आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत एहुद शापिरो, याकोव बेनेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय चालणारे रेणूंचे स्वयंचलित यंत्र बनवले. २००४ मध्ये त्यांनी परीक्षानळीत असे यंत्र सिद्ध केले, जे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाशी संबंधित आरएनए रेणूंचे प्रमाण तपासते आणि निर्धारित अटी पूर्ण झाल्यासच औषधी गुण असलेला डीएनए तुकडा मोकळा करते. येथे प्रश्न केवळ मोजक्या अटींचा असल्याने वस्तुमानाची मर्यादा आड येत नाही. पेशीतील माहिती मुळातच रेणूंच्या रूपात असल्याने ती विद्युत्संकेतांत रूपांतरित करण्याचीही आवश्यकता राहत नाही.

चियान यांच्या प्रयोगशाळेने २०११ नंतर डीएनएची कृत्रिम चेतापेशी-जाळीही विकसित केली. केविन चेरी आणि चियान यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जाळीला हस्तलिखित अंक ओळखता येतात.

भारतातील कार्य

डीएनएच्या क्रियांचा गणिती अभ्यास भारतात ॲडलमन यांच्या प्रयोगापूर्वीच सुरू झाला होता. अमेरिकन गणितज्ञ टॉम हेड यांनी १९८७ मध्ये डीएनएचे तुकडे कापण्याची व सांधण्याची क्रिया भाषाशास्त्रातील नियमांप्रमाणे मांडणारी पद्धती सुचवली. मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातील राणी सिरोमणी, के. जी. सुब्रमणियन आणि व्ही. आर. डेअर यांनी १९९२ मध्ये ही पद्धती वर्तुळाकार डीएनएला लागू केली. जिवाणूंमधील डीएनए बहुधा वर्तुळाकार असतो, म्हणून या विस्ताराला महत्त्व आहे.

डीएनएच्या यंत्रांवरील प्रायोगिक कार्यात यमुना कृष्णन यांचे नाव अग्रणी आहे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जिवंत पेशीच्या आत आम्लता मोजणारे डीएनएचे सूक्ष्मयंत्र बनवले. हे यंत्र आम्लतेनुसार आपला आकार बदलते आणि तो बदल प्रकाशाच्या रंगावरून कळतो. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०१३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१७ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

गुणदोष

डीएनए संगणनाचे गुण तीन प्रकारचे आहेत : असंख्य क्रिया एकाच वेळी होणे, ऊर्जेचा अत्यल्प वापर आणि अत्यंत कमी जागेत माहितीचा साठा. त्याचे दोषही स्पष्ट आहेत. एकेक रासायनिक क्रिया इलेक्ट्रॉनिक क्रियेच्या तुलनेत फार मंद असते. जवळपास सारखा अक्षरक्रम असलेले धागे चुकून जुळतात, त्यामुळे उत्तरात त्रुटी शिरतात. पायऱ्या वाढतील तशा त्या साठत जातात. धागा-विस्थापनाच्या मंडलात इंधनरूपी धागे संपतात, म्हणून एक नळी सामान्यतः एकच गणित करते. धागे तयार करणे आणि उत्तर वाचणे खर्चिक व वेळखाऊ आहे.

या कारणांमुळे डीएनए संगणक नेहमीच्या संगणकाची जागा घेईल, ही १९९४ नंतरची अपेक्षा मागे पडली आहे. मोठ्या संख्यांचे गणित वेगाने करणे हे आता या शाखेचे मुख्य उद्दिष्ट राहिलेले नाही. विद्युत्संगणक जेथे पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी, विशेषतः पेशीमध्ये, लहान पण नेमका निर्णय घेणारे रेणू तयार करणे आणि डीएनएमध्ये माहितीचा दीर्घकाळ साठा करणे या दिशांनी संशोधन चालू आहे.